ठिगळाची लाज, ठिगळाचा मान

मराठी भाषेने फाटक्या वस्त्राला फारसा मान दिलेला नाही. दरिद्री मनुष्यास आपण 'फाटका माणूस' म्हणतो. संकटे चोहोबाजूंनी कोसळली म्हणजे 'आभाळच फाटले, आता ठिगळ तरी कोठे कोठे लावावे?' असा सुस्कारा टाकतो. भाषणात एखादा मुद्दा विजोड वाटला, तर 'हे मध्येच ठिगळ कशाला जोडले?' असे म्हणून नाक मुरडतो. भाषा ही समाजाच्या मनाचा आरसा असते. तेव्हा शाळेत निघालेल्या मुलाने सदऱ्याचे रफू केलेले कोपर दप्तराआड लपवावे, किंवा नाताळला नवे लुगडे झाले नाही म्हणून एखाद्या मायबाईने मिस्सेला न येता घरीच राहावे, यात नवल ते काय? धर्मग्रामात हिंडणाऱ्या धर्मगुरूला 'त्या दिवशी बरे नव्हते' हे उत्तर पुष्कळदा ऐकावयास मिळते. दुखणे अंगाचे होते की अंगावरच्या कापडाचे, हे त्याने विचारावयाचे नसते. परंतु त्याच्या ते ध्यानात येते.

या लाजेचा विचार करावयास आपल्या बोरगावाइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. कारण कापडाचा जवळजवळ सर्व जीवनक्रम आपल्या डोळ्यांपुढे घडतो. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके मिळून २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. येथील माणूस संत्र्याइतकाच कपाशीला ओळखतो. शेतात बोंड फुटते, वेचणी होते, कापूस बाजारास जातो. त्याच वेळी बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, १९९१ सालापासून रेमंड कंपनीची गिरणी उभी आहे, व तेथे सुटाचे उंची लोकरी कापड विणले जाते. म्हणजे एकीकडे कापूस, दुसरीकडे लोकरी कापड, आणि मधल्या घरांतून ठिगळाची लाज!

लोकरी कापडाच्या धंद्यातील एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. मागावरून उतरलेले कापड कधीही निर्दोष नसते. कोठे ताण्याचा धागा तुटलेला असतो, कोठे बाण्याचा धागा सुटून गेलेला असतो, तर कोठे गाठ वर आलेली असते. म्हणून उत्तम लोकरी कापडाच्या गिरण्यांतून अशा कापडाचा प्रत्येक ताका उजेडात पसरून तपासतात, गाठी वेचून काढतात, आणि जेथे धागा नाही तेथे कुशल कामगार हातात सुई घेऊन, विणीचा मूळ क्रम न मोडता, नवा धागा भरतो. तेव्हा दुकानात घडी न मोडलेले जे कापड आपण 'अगदी नवे कोरे' म्हणून घेतो, तेही बहुधा एकदा दुरुस्त झालेलेच असते. फरक इतकाच, की ती दुरुस्ती दिसू द्यावयाची नसते. उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या रफूगरांची कीर्तीही याच कसबावर उभी आहे. काश्मिरी शालीला पडलेले भोक त्यांनी भरले, की ते कोठे होते हे मालकालाही सांगता येऊ नये. आपल्या देशात रफूची थोरवी ही, की ते दिसत नाही.

घरातील दुरुस्तीला मात्र हे साधत नाही, आणि साधावयास अवकाशही नसतो. आपल्या आज्या-पणज्यांजवळ रेशमासारखा बारीक धागा नव्हता व भरपूर उजेडही नव्हता. परंतु युक्ती होती. लुगडे वापराने सर्वत्र सारखे विरत नाही. बसण्याउठण्याची जागा आधी विरते, पदर व काठ धड राहतात. अशा वेळी मधला विरलेला भाग कापून टाकावयाचा, आणि उरलेली दोन धड टोके एकमेकांस शिवावयाची. यालाच 'दंड घालणे' म्हणत. ती जाड शिवण लपविता येत नसे. नेसलेल्या लुगड्यावर ती सर्वांना दिसे. पुढे दंड घालूनही लुगडे टिकेना, म्हणजे त्याचे 'जुनेर' होई. आणि जुनेराचेही दिवस भरले, म्हणजे त्याला गोधडीत विसावा मिळे.

गोधडी कशी होते ते आपल्या घरांतून अद्यापि पाहावयास मिळते. खाली एक धड लुगडे अंथरावयाचे. त्यावर धोतरे, सदरे, परकर, झगे यांच्या चिंध्या थरावर थर सारख्या मांडावयाच्या. वर दुसरे कापड घालावयाचे. आणि मग कडेपासून धावदोरा घालीत घालीत आत यावयाचे. वरवर पाहता हा धावदोरा नक्षीचा वाटतो, परंतु त्याला दोन कामे असतात. थर एकमेकांवरून सरकू न देणे हे पहिले, आणि विरलेल्या कापडावरचा ताण एका जागी न पडता हजार टाक्यांत वाटून जावा हे दुसरे. दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकते तीच ऊब देते. म्हणून एकेकटी चिंधी कुचकामाची असली, तरी अशा दहा चिंध्या एकत्र शिवल्या म्हणजे पौषाची थंडी बाहेर राहते.

आता ही गोधडी बाजूस ठेवून थोडे दूर, जपानकडे वळू या. हल्ली शहरांतील वृत्तपत्रांतून व चित्रफितींतून असे सांगतात की, जपानी लोक अपूर्णतेत सौंदर्य पाहतात. फुटलेला प्याला फेकून न देता सोन्याने सांधतात. ते खरेही आहे. 'किन्त्सुगी' नावाच्या या कलेत एका झाडाच्या चिकाचे रोगण लावून तुकडे जोडतात, ते रोगण दमट हवेत सावकाश वाळू देतात, आणि सांध्यांवर सोन्याची पूड बसवितात. तडा लपविला जात नाही. उलट त्याची सोनेरी रेघ होते. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) नावाच्या चहाविधीच्या आचार्याने साध्या, ओबडधोबड, हाताने घडविलेल्या प्याल्यांना मानाचे स्थान दिले. तेव्हापासून ही साधेपणाची आवड त्या देशाच्या रक्तात मुरली आहे.

तथापि सोन्याने सांधलेला प्याला श्रीमंताच्या दिवाणखान्यातला. गरिबाच्या घरचे जपान पाहावयाचे असेल, तर उत्तरेच्या आओमोरी प्रांतात गेले पाहिजे. तेथील हिवाळा कडक व बर्फाचा. तेथे कापूस पिकत नाही. पिकतो तो ताग-अंबाडीसारखा धागा देणारा भांग, आणि त्याचे कापड विरळ व थंड. म्हणून दक्षिणेकडून जहाजांतून येणारी जुन्या सुती कपड्यांची चिंधी तेथे मोलाची ठरे. तेथल्या स्त्रिया त्या चिंध्या भांगाच्या अंगरख्यावर ठेवून धावदोऱ्याने शिवीत. या शिवणीला 'साशिको' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'बारीक टोचे'. एका अंगरख्यावर आजीने लावलेले ठिगळ, त्यावर सुनेचे, त्यावर नातीचे, असे करता करता मूळचे कापड कोणते हे ओळखणेही अवघड होई. अशा वस्त्राला 'बोरो' म्हणत, म्हणजे लक्तरे.

वाचकहो, येथे थोडे थांबून दोन मुलखांची तुलना करू या. आओमोरीच्या शेतकऱ्याला ठिगळ लावावे लागे, कारण त्याच्या जमिनीत कापूस उगवत नव्हता. आपल्या शेतकऱ्याला ठिगळ लावावे लागले, जरी त्याच्या जमिनीत कापूसच उगवत होता! पांढरे सोने पिकविणाऱ्याच्या धोतराला दंड असावा, हे निसर्गाचे काम नव्हे; ते बाजाराचे व सावकाराचे काम. म्हणून ठिगळाचे गोडवे गाण्यापूर्वी हे ध्यानात ठेविले पाहिजे, की काही ठिगळांच्या मागे अन्याय असतो, आणि अन्यायाला सुंदर म्हणणे हे पाप आहे.

जपानी माणूसही पूर्वी बोरोला सुंदर म्हणत नव्हता. महायुद्धानंतर देशात सुबत्ता येऊ लागली, तेव्हा आओमोरीच्या घरांतून ही वस्त्रे गरिबीची खूण म्हणून माळ्यावर दडविली गेली, जाळली गेली, टाकून दिली गेली. चुझाबुरो तानाका (१९३३–२०१३) नावाचे एक गृहस्थ मात्र खेडोपाडी पायपीट करून ती गोळा करीत राहिले. लाजणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी बसून कोणते ठिगळ कोणी, केव्हा, कोणासाठी लावले हे त्यांनी ऐकून घेतले. १९८३ साली त्यांच्या संग्रहातील शेकडो वस्त्रांना जपान सरकारने लोकसंस्कृतीचा महत्त्वाचा ठेवा म्हणून मान्यता दिली. पुढे टोकियोतील एका संग्रहालयात ती कित्येक वर्षे मांडली होती, आणि देशोदेशींचे लोक त्यांपुढे थक्क होऊन उभे राहिले. वस्त्रे तीच होती, टाकेही तेच. बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टी. परंतु ज्या बाईने ते टाके थंडीने बधिर झालेल्या बोटांनी घातले, तिला हा मान तिच्या हयातीत मिळाला नाही. आपल्या घरची जी बाई आज गोधडी शिवते आहे, तिला तो हयातीतच देणे आपल्या हाती आहे.

अशी दृष्टी देणारा एक महापुरुष आपल्या शेजारीच होऊन गेला. अमरावती जिल्हा आपल्या जिल्ह्याला लागून आहे. तेथील शेंडगाव येथे १८७६ साली एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. सारा महाराष्ट्र त्यांना गाडगे महाराज म्हणून ओळखतो. पण त्यांची दुसरी नावे होती 'गोधडेबुवा' व 'चिंधेबुवा', कारण नाना रंगांच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र ते अंगावर घालीत. डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर असे, आणि भूक लागली की तेच भाकरीचे ताट होई. हातात खराटा घेऊन ते गावाचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतःच्या अंगावर मात्र अखेरपर्यंत, १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीच्या वाटेवर देह ठेवीपर्यंत, तीच चिंध्यांची गोधडी. परिटाच्या घरी जन्मलेल्या माणसाला स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्याची किंमत ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? त्यांची चिंधी ही निवडलेली चिंधी होती. ज्याला कोणी जवळ बसू देत नाही त्याच्या शेजारी बसता यावे, म्हणून ती निवडली होती.

युरोपातही असेच घडले होते. संत फ्रान्सिस असिसीकर हे एका कापड-व्यापाऱ्याचे चिरंजीव. तलम कापडाच्या गठ्ठ्यांत वाढलेल्या या तरुणाने भर लोकांत अंगावरची वस्त्रे उतरवून वडिलांच्या हवाली केली, आणि खरखरीत झगा पत्करला. १२२३ साली मान्य झालेल्या त्यांच्या नियमावलीत बंधूंना आपल्या झग्यांना गोणपाटाची व इतर कापडाची ठिगळे लावण्याची मोकळीक दिलेली आहे. असिसी येथे त्यांचा म्हणून जतन केलेला झगा ठिगळांनी भरलेला आहे. वस्त्रतज्ज्ञ मेख्टिल्ड फ्लुरी-लेम्बेर्ग यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची पाहणी केली, तेव्हा त्यावरील ठिगळांचे कापड संत क्लाराच्या म्हणून जपलेल्या अंगवस्त्राच्या कापडाशी जुळणारे असल्याचे त्यांना दिसून आले. म्हणजे एकाचा झगा फाटला, तेव्हा दुसरीच्या वस्त्रातून तुकडा निघाला. ठिगळाचा सारा अर्थ यात आला. भोक आपले असते, पण ठिगळ नेहमी दुसऱ्या कापडातून येते.

याच कारणासाठी ठिगळाच्या कापडाची निवड ही ज्ञानाची गोष्ट आहे. प्रभू येशूने जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये असे जे सांगितले, त्याचा आध्यात्मिक अर्थ आपण प्रवचनांतून ऐकतो. पण ते शिवणकामाचे शास्त्रही आहे. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. त्याच्या भोवतीचे जुने कापड आधीच आटून विरलेले असते. नवे ठिगळ आखडू लागले, की ते जुन्याला ओढते, आणि पहिल्यापेक्षा मोठे भोक पडते. नाझरेथच्या घरी कोणी तरी ठिगळे लावीत होते, आणि ते पाहणारे डोळे त्या घरात वाढत होते, असे मानावयास काय हरकत आहे?

आपल्याच धर्मबंधूंपैकी आणखी एका समाजाचे उदाहरण सांगितले पाहिजे. उत्तर कानडा जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या रानातल्या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्या आफ्रिकी पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीज अमदानीत गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. तेथल्या स्त्रिया जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत आत यावयाचे ही रीत आपल्या गोधडीसारखीच. परंतु चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची 'फुले' लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. कॅथलिक बाईच्या कवंदीवर कधी क्रूसही शिवलेला आढळतो. ज्यांच्या पूर्वजांपासून सर्व काही हिरावून घेतले गेले, त्यांच्या लेकी चिंधीच्या कोपऱ्यावर फूल लावतात! ठिगळाला मान देणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कोणत्या ग्रंथात सापडेल?

या सर्व उदाहरणांतून एक विवेक हाती येतो. ठिगळ दोन प्रकारचे असते. एक निवडलेले, दुसरे लादलेले. गाडगे महाराजांचे व संत फ्रान्सिसांचे ठिगळ निवडलेले होते. म्हणून ते वंदनीय. कपाशी पिकवूनही ज्याला लुगडे घेता येत नाही, त्याचे ठिगळ लादलेले. त्याच्यापुढे जाऊन 'वा, काय सुंदर!' म्हणणे ही क्रूरता होय. हल्ली शहरांतून मुद्दाम फाडलेल्या विजारी चढ्या भावाने विकल्या जातात. ज्याने कधी फाटके घातले नाही, त्यालाच फाटक्याची हौस परवडते. परंतु दोन्ही ठिगळांत एक गोष्ट समान आहे, आणि तीच माझ्या मते मानाची आहे. ती म्हणजे टाका. कोणी तरी बसून, सुईत दोरा ओवून, 'हे वस्त्र आणि हे घालणारा माणूस माझ्या वेळेच्या योग्यतेचे आहेत,' असे न बोलता सांगितलेले असते. लाज वाटावी ती भोकाची. टाक्याची कदापि नव्हे. भोक हे कोणाच्या तरी हयगयीचे किंवा अन्यायाचे फळ असू शकेल. टाका हा नेहमी मायेचाच असतो.

म्हणून काही व्यवहाराच्या सूचना करतो. पहिली सूचना घरासाठी. कापड विरू लागले की फाटण्यापूर्वीच त्याला आतून जुने, धुतलेले अस्तर लावावे. ठिगळ भोकापेक्षा बोटभर मोठे कापावे. त्याचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांना मिळते ठेवावेत. कडा आत मुडपून मग टाके घालावेत. अशा नेटक्या ठिगळाने सदरा आणखी काही काळ सहज टिकतो. टाका दिसला तर दिसू द्यावा. वाटल्यास वेगळ्या रंगाचा दोरा घ्यावा. आणि ही विद्या मुलींनाच शिकवून थांबू नये. सुई धरल्याने मुलाचे पौरुष कमी होत नाही. शिंपीही पुरुषच असतो.

दुसरी सूचना शाळेसाठी. गणवेश स्वच्छ आहे की नाही हे शिक्षकांनी अवश्य पाहावे. तो नवा आहे की नाही हे पाहू नये. वर्गात एखाद्या मुलाने दुसऱ्याच्या ठिगळाला हसल्यास, ते ठिगळ कोणी लावले हे त्या हसणाऱ्याला समजावून सांगावे. स्वतःच्या आईच्या हाताला हसणारे मूल विरळा.

तिसरी सूचना आपल्या सर्वांसाठी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. सणाच्या आधी गरिबांसाठी म्हणून आपण जुने कपडे देतो. त्यांत गुंडी तुटलेला सदरा, शिवण उसवलेला परकर, साखळी बिघडलेली विजार असे पुष्कळ सापडते. आपणांस नको झालेले दुसऱ्याच्या दारात टाकणे याला दान म्हणत नाहीत. देण्यापूर्वी वस्त्र धुवावे, गुंडी लावावी, उसवलेले शिवावे, आणि घडी करून द्यावे. संत क्लाराने स्वतःच्या अंगवस्त्राचा तुकडा दिला. आपणांस निदान एक दोरा द्यावयास काय हरकत आहे? आणि ज्यांचे ठिगळ लादलेले आहे, त्यांच्या कापसाला भाव व मजुरीला न्याय मिळावा म्हणून ग्रामसभेत बोलणे, हाही एक टाकाच आहे; किंबहुना तो सर्वांत मोठा.

येता नाताळ जवळ आला म्हणजे बाजारात नव्या कापडांचे ढीग लागतील. ज्यांना घेता येईल त्यांनी अवश्य घ्यावे. सणाचा आनंद कोणी कमी करीत नाही. परंतु ज्या घरी नवे आलेले नसेल, त्या घरच्या मायबाईने दंड घातलेले धुवट लुगडे नेसून, रफूचा सदरा घातलेल्या लेकराचा हात धरून, पुढच्या बाकावर येऊन बसावे. आणि शेजारी बसलेल्याने आपली जरीची किनार आवरून न घेता, तिला थोडे सरकून जागा करून द्यावी.